हॉलची चावी आणि गुरुवारचं गाणं : आमच्या सोसायटीच्या व्यवस्थापक समितीस खुले पत्र

मा. अध्यक्ष, सचिव, खजिनदार आणि समितीचे सर्व सदस्य,

स. न. वि. वि.

लिफ्टशेजारच्या फलकावर सोमवारी लावलेली आपली सूचना वाचली. दर गुरुवारी तळमजल्यावरच्या हॉलमध्ये होणारा ‘गायनाचा कार्यक्रम’ पुढच्या महिन्यापासून बंद, आणि घ्यायचाच असेल तर नियमाप्रमाणे तासाला पाचशे रुपये भाडं. खाली कारणं तीन : आवाज, बाहेरच्या लोकांची ये-जा आणि विजेचा खर्च. ‘सूचना’मधला सू ऱ्हस्व पडलाय, तो सोडून देतो.

उत्तर समितीच्या पेटीत टाकता आलं असतं. पण पेटीत टाकलेल्या पत्रांचं पुढे काय होतं हे मला ठाऊक आहे, कारण पाच वर्षं मी या सोसायटीचा खजिनदार होतो आणि ती पेटी मीच उघडायचो. म्हणून हे सगळ्यांसमोर.

आणखी एक कबुली आधीच देऊन टाकतो. तासाला पाचशे रुपयांचा तो नियम माझाच आहे. बारशी, वाढदिवस आणि साड्यांची प्रदर्शनं यांनी हॉलचा धर्मशाळेसारखा वापर चालवला होता, तेव्हा मी तो समितीत मांडला होता. २०२२च्या नोव्हेंबरात एका सभासदाने मला कळवलं, की गुरुवारी हॉलचे दिवे नऊपर्यंत जळतात आणि पावती कुणी फाडत नाही. मी चपला घालून खाली उतरलो. नऊला पाच कमी होते. टेबल टेनिसचं टेबल दुमडून भिंतीला टेकवलेलं, सतरंजीवर अकरा माणसं गोल करून बसलेली, मध्ये एक बाजाची पेटी. मी दिव्यांच्या बटणांकडे हात नेला, तेवढ्यात कुणीतरी माझ्या हातात झेरॉक्सचा कागद दिला. मी म्हटलं, “मला सूर नाही.” पेटीवरच्या सी विंगमधल्या वहिनी मान वर न करता म्हणाल्या, “इथे कुणालाच नाही. बसा.”

दिवे नऊ वीसला बंद झाले. माझ्या कारकिर्दीतली तेवढी एक अनियमितता लेखापरीक्षणात सापडली नाही.

आता तुमच्या ‘कार्यक्रम’ या शब्दाबद्दल. भांडण खरं तर त्या एकाच शब्दाशी आहे. कार्यक्रमाला गाणारा लागतो आणि ऐकणारा लागतो. गुरुवारी आमच्याकडे ऐकणारा नसतोच. माइक नाही, मंच नाही, खुर्च्यांच्या रांगा नाहीत, कुणाच्या हाती पुष्पगुच्छ नाही. मागे एका सभासदाने प्रेमाने स्वतःचा कराओकेचा स्पीकर आणला होता. दोन गुरुवार वापरला आणि परत दिला. कराओकेत एकजण गातो आणि बाकीचे आपला नंबर कधी येतो याची वाट बघत मोबाइल चाळतात. जो बरा गातो त्याचा नंबर लांबत जातो आणि ज्याला धड जमत नाही तो तिसऱ्या आठवड्यापासून येईनासा होतो. आम्ही नेमका तोच माणूस धरून ठेवला आहे. आमचा नियम एकच : एकट्याने गायचं नाही. छान गळा असलेल्यांनाही हा नियम लागू. त्यांना तो जड जातो, पण ते पाळतात.

गाणी चिठ्ठ्या काढून ठरतात. बाकरवडीचा एक रिकामा डबा आहे, त्यात ज्याने त्याने आपल्या मनातल्या गाण्याची पहिली ओळ लिहून टाकायची. मग जे निघेल ते. भावगीत निघतं, गवळण निघते, साठ-सत्तरच्या दशकातलं हिंदी सिनेमातलं निघतं, एकदा ‘ससा तो ससा’ निघालं होतं आणि तेवढ्या एका गाण्याला कागद लागला नव्हता. नाट्यगीत निघालं की गंमत होते. ध्रुवपद सगळे दणकून म्हणतात, तान आली की सगळे एकदम गप्प, पेटी बिचारी एकटीच पळते, आणि समेवर पुन्हा तीस माणसं झडप घालतात. समेच्या अलीकडे चार आणि पलीकडे सहा पडतात. हसू आवरेपर्यंत अंतरा निघून गेलेला असतो.

पट्टीचा वाद तर आमच्याकडे पाणीपट्टीपेक्षा जुना आहे. पुरुषांना पेटीच्या काळी एक या खालच्या पट्टीच्या आसपास बरं पडतं, बायकांना काळी चार नाहीतर पाच या वरच्या. काळी एक धरली की बायकांचा खालचा सूर जमिनीत पुरला जातो, काळी चार धरली की अंतऱ्याला पुरुष टाचा वर करून उभे राहतात. काळी दोनवर तडजोड करून पाहिली, तर दोन्ही पक्ष नाराज झाले. शेवटी वहिनींनी निकाल दिला : एक गाणं यांच्या पट्टीत, एक त्यांच्या. ज्यांना झेपत नाही त्यांनी नुसतं ध्रुवपद म्हणायचं. सोसायटीच्या इतिहासात इतका सरळ निकाल कुठल्या वार्षिक सभेत लागल्याचं मला आठवत नाही.

पण ज्यासाठी मी त्या पहिल्या गुरुवारनंतर पुन्हा गेलो, ती गोष्ट दुसरीच आहे. माझा दम तोकडा. लांब ओळ मला एका श्वासात कधीच पेलत नाही, अर्ध्यावर हवा संपते आणि शब्द तुटतो. घरी अंघोळ करतानाही मला हे माहीत असतं. तिथे त्या दिवशी एक लांब ओळ आली. माझा श्वास संपला, मी थांबून घेतला, आणि पुन्हा ओळीत शिरलो, तर ओळ चालूच होती. शेजारच्याने माझ्या आधी श्वास घेतला होता, पलीकडच्या बाईंनी नंतर घेतला. ज्याचा त्याचा दम वेगळ्या जागी संपतो, म्हणून ओळ कुठेच तुटत नाही. सुराचंही तेच. माझा सूर थोडा उतरतो, समोरच्या निवृत्त प्राध्यापकांचा चढतो, आणि बेरीज बरोबर येते. आयुष्यभर जमाखर्च मांडले, पण दोन चुका एकमेकींना अशा फिटवतात हे खतावणीत कधी बघायला मिळालं नव्हतं. तिथे दोन चुका फिटल्या तर उलट जास्त घाबरायचं असतं.

आमच्यात लयीचा दोष आहे, तोही सांगतो. सुरुवात ठाय, शेवट स्वारगेटची शेवटची एसटी पकडायला निघाल्यासारखा. टाळ्या वाजवणारे पुढे पळतात. त्यावर उपाय सापडलेला नाही.

सचिवसाहेब, आपण मला जिन्यात म्हणालात, “गाण्याची एवढी आवड आहे तर सवाईला जात जा की.” जातो ना. सवाई गंधर्व महोत्सव रमणबागेच्या मैदानावर व्हायचा तेव्हापासून जातो. भीमसेनजींनी आपल्या गुरूंच्या स्मरणार्थ १९५३ साली सुरू केलेला हा उत्सव या शहराचं भूषण आहे, त्याबद्दल दुमत नाही. पण सवाईत नुसतं गुणगुणून बघा. पुढच्या रांगेतला माणूस मान वळवून असा बघतो, की घशातला षड्ज परत पोटात जातो. बरोबरच आहे त्याचं, त्याने तिकीट आपला आवाज ऐकायला काढलेलं नसतं. पुण्याने ऐकण्याची शिस्त कमावली आणि ती मोठी गोष्ट आहे. पण त्या शिस्तीपायी आपण असं धरून बसलो, की गाणं म्हणजे ज्याला येतं त्याने गायचं आणि बाकीच्यांनी मान डोलवायची.

हे शहर आधीपासून असंच होतं असं नाही. ज्येष्ठ सरता सरता पालख्या येतात. आळंदीहून ज्ञानोबांची आणि देहूहून तुकोबांची, भवानी पेठेत आणि नाना पेठेत दोन रात्री मुक्काम असतो. दिंडीत चालणाऱ्या शेकडो माणसांतल्या कुणाची कधी स्वरचाचणी झाली आहे का? टाळ हातात घेतला की तो गाणारा. सार्वजनिक गणेशोत्सवात पूर्वी मेळे असत, आळीतली पोरं त्यात घोळक्याने गात. आणि फार लांब कशाला जायचं, अध्यक्षसाहेब, भाद्रपदात आपल्याच पार्किंगमध्ये आरती होते तेव्हा ‘जय देव जय देव’ला तुम्ही जो टिपेचा लावता, तो पाचव्या मजल्यावर माझ्या सौ.ला ऐकू येतो. तेव्हा कुणी पावती फाडत नाही, आवाजाचा अर्जही करत नाही. तुम्हाला सूर आहे की नाही हा प्रश्नच तेव्हा कुणाला पडत नाही. तुम्हालाही नाही. आम्ही गुरुवारी करतो ते एवढंच, फक्त गणपती विसर्जनानंतर थांबत नाही.

माझ्याकडे वडिलांची एक वही आहे. १९५५ साली रामनवमीला, १ एप्रिलला, पुणे आकाशवाणीवरून गीतरामायण सुरू झालं. गदिमांचे शब्द, बाबूजींची चाल, आठवड्याला एक गाणं, एकूण छप्पन. माझा जन्म नंतरचा, पण ही गोष्ट घरात इतक्यांदा झाली आहे, की मी तिथे होतो असं मला वाटतं. सदाशिव पेठेतल्या आमच्या वाड्यात रेडिओ एकच. सगळी बिऱ्हाडं त्याच्यापुढे, आणि वडील शिसपेन्सिलीने शब्द उतरवून घ्यायचे. गाणं पुढे जाई, हात मागे पडे. म्हणून त्या वहीत ओळींमध्ये मोकळ्या जागा सोडलेल्या आहेत. त्या जागा मग वेगळ्या शाईने, वेगळ्या हस्ताक्षरात भरलेल्या दिसतात. समोरच्या बिऱ्हाडातल्या काकूंना तेवढा शब्द ऐकू आला होता, वरच्या मजल्यावरच्या मुलाला पुढचा. एका गाण्यात तीन हस्ताक्षरं. आठवडाभर वाड्यातल्या नळावर ते गाणं चाले आणि पुढच्या आठवड्यापर्यंत सगळ्यांचं पाठ. ही वही मी गुरुवारी हॉलमध्ये नेतो. ज्यांना बघायची आहे त्यांनी यावं, घरी मिळणार नाही.

आता तुमची कारणं घेतो. वीज सगळ्यात सोपी. हॉलमध्ये चार एलईडी नळ्या वीस वॉटच्या, तीन पंखे पंच्याहत्तरचे. एकूण तीनशे पाच वॉट. दीड तास चालले तर अर्ध्या युनिटलाही कमी. महिन्याचे पाच गुरुवार धरले तरी सव्वादोन युनिट. पार्किंगमधला तो दिवा, जो दिवसाही जळतो आणि ज्याबद्दल मी तीन पत्रं दिली, तो याहून जास्त खातो.

आवाजाचं मात्र हसण्यावारी नेत नाही. ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम आहेत, त्यांत निवासी भागाला दिवसा ५५ डेसिबल आणि रात्री ४५ अशी मर्यादा आहे आणि रात्र दहाला सुरू होते. आम्ही पावणेनऊला उठतो. मोबाइलवरच्या ॲपने मोजून पाहिलं, पण ते काही प्रमाणित यंत्र नव्हे, म्हणून आकडा पुढे करत नाही. एवढंच सांगतो, की फाटक उघडलं आणि सिंहगड रस्त्यावरचा हॉर्न आत आला की काटा आमच्या कोरसपेक्षा वर उडतो. तरीही पहिल्या मजल्यावरच्या दांपत्याची तक्रार खरी आहे. त्यांचं बाळ सहा महिन्यांचं आहे आणि हॉल त्यांच्या पाळण्याच्या बरोबर खाली येतो. ते आमच्याकडे आधी आले असते तर बरं झालं असतं, पण त्याआधी आम्हीच त्यांच्याकडे जायला हवं होतं, हेही खरं. आम्ही गेलो. ढोलकी बंद केली. तिच्यामुळेच जास्त त्रास होत होता आणि लयीचं खूळही बरंचसं तिच्यामुळेच होतं. त्या बाजूच्या खिडक्या लावून घेतो. पावणेनऊचे साडेआठ करायला तयार आहोत. बाळाची आई गेल्या गुरुवारी बाळाला घेऊन दोन गाण्यांपुरती खाली आली होती. बाळ झोपलं नाही आणि रडलंही नाही, पंख्याकडे बघत राहिलं.

आणि ‘बाहेरचे लोक’. ही ओळ वाचून मला वाईट वाटलं. कोण बाहेरचे? यादी देतो. ए विंगमध्ये पोळ्या करणाऱ्या मावशी, एका घरातून दुसऱ्या घरी जाताना मध्ये वीस मिनिटं टेकतात. तिसऱ्या मजल्यावरची भाडेकरू मुलं, त्यांतला एक इंदूरचा, ज्याला मराठी बोलायला येत नाही पण देवनागरी वाचता येत असल्याने अभंग बिनचूक म्हणतो आणि मग अर्थ विचारतो. कधीकधी आम्हालाही तो सांगता येत नाही. एक मल्याळी बाई आहेत, त्या आपल्या लिपीत शब्द उतरवून घेतात. त्यांचा ‘ळ’ आमच्या नातवंडांपेक्षा चांगला आहे. आणि आपला रात्रपाळीचा वॉचमन. त्याने फाटक सोडलं असा आपला आक्षेप आहे, तर नीट ऐका : तो आत येत नाही. हॉलच्या दारात एक पाय पायरीवर आणि तोंड फाटकाकडे करून उभा राहतो. परभणीकडचा आहे, घरात वारी. हरिपाठ निघाला की आमच्या हातांत कागद असतात आणि तो पाठमोरा, गाड्यांचे नंबर बघत, सगळे अभंग तोंडपाठ म्हणत असतो. आम्ही चुकलो की त्याचा आवाज जरासा चढतो. तेवढीच दुरुस्ती. आठ वर्षं तो आपल्याला सलाम करतोय. त्याला गाता येतं हे मला आठव्या वर्षी कळलं आणि ते कळायला गुरुवारच लागला.

माझ्या मुलीने मध्ये एक इंग्रजी लेख पाठवला होता. २०१५ साली ऑक्सफर्डच्या संशोधकांनी प्रौढांच्या वर्गांचा अभ्यास केला, काही वर्ग गाण्याचे, काही हस्तकलेचे आणि काही लेखनाचे. सात महिन्यांनी सगळ्याच वर्गांतली माणसं एकमेकांच्या साधारण सारखीच जवळ आली. पण गाण्याच्या वर्गातली फार लवकर आली. बाकीच्यांना महिने लागले. मला यात नवल वाटलं नाही. अठरा वर्षं इथे राहून सी विंगमधल्या बहुतेकांना मी फ्लॅटच्या क्रमांकाने ओळखत होतो आणि थकबाकीच्या रकमेने.

२०२४च्या जुलैत, २५ तारखेला, खडकवासल्यातून पाणी सोडलं आणि आपल्या रस्त्यावर एकतानगरीत घराघरांत शिरलं. तो गुरुवारच होता. त्या संध्याकाळी गाणं झालं नाही. पण तिकडे पोळी-भाजी पाठवायची म्हटल्यावर कणीक कुणाकडे, मोठं पातेलं कुणाकडे आणि गाडी कोण काढणार हे ठरायला दहा मिनिटंही लागली नाहीत, कारण फोन नंबर आणि स्वभाव दोन्ही आधीच माहीत होते. हे मी लिहावं की नाही असा प्रश्न पडला होता. कारण मग तुम्ही म्हणाल, असं समाजोपयोगी काही असेल तर परवानगी देऊ. तसं नको. त्या दिवशी पोळ्या लाटल्या नसत्या तरी आमचा हॉलवर तेवढाच हक्क राहिला असता. माणसं संध्याकाळी एकत्र बसून गातात ती बरं वाटतं म्हणून. टेबल टेनिस खेळणाऱ्यांना आपण कधी विचारलं नाही, की तुमच्या खेळाने समाजाचा काय फायदा.

गुरुवारच का, असंही एका सदस्याने विचारलं होतं. पुण्यात गुरुवार म्हणजे देखभालीसाठी पाणी बंद. आदल्या दिवशी भरून ठेवायचं, त्या दिवशी जपून वापरायचं, पाहुणे बोलवायचे नाहीत. माणसं घरातच सापडतात. याहून खोल कारण नाही.

मागणी थोडक्यात. नियमातली ‘कार्यक्रम’ची ओळ मी लिहिली तेव्हा ज्यासाठी लिहिली, त्यासाठीच राहू द्यावी. वाचनकोपरा आणि टेबल टेनिस जसे भाड्याविना चालतात तसा गुरुवारचा दीड तास चालू द्यावा, सात ते साडेआठ, ढोलकीविना. सप्टेंबरअखेर वार्षिक सभा आहेच, हा विषय तिथे घ्यावा आणि तोवर चावी काढून घेऊ नये. काढून घेतलीत तर आम्ही पार्किंगमध्ये, त्या दिवसाही जळणाऱ्या दिव्याखाली बसू. तिथे आवाज जास्त घुमतो, हे आरतीच्या अनुभवावरून आपल्याला माहीत आहे.

नवीन खजिनदारांना एक वेगळी विनंती. दिवे वेळेत बंद होतात की नाही हे बघणं तुमचं काम आहे आणि ते तुम्ही कराच. या गुरुवारी या. साडेआठला पाच कमी असताना या, म्हणजे शेवटची चिठ्ठी निघालेली असेल. बटणं दाराच्या उजव्या हाताला आहेत. कागद कुणीतरी देईलच.

आपला,
बी विंगमधला एक सभासद (माजी खजिनदार)